नागपूरच्या विमानाचा नमस्कार

“जीप वन, होल्ड,” माझी बायको म्हणाली, आणि मी ब्रेक दाबला.

समोरून हैदराबादचं विमान सावकाश सरकत गेलं. त्याची शेपटी माझ्या बॉनेटपुढून पार होईपर्यंत मी मुकाट्याने बसून राहिलो. मग ती म्हणाली, “जीप वन, प्रोसीड,” आणि मी गिअर टाकला. नवऱ्याला थांब आणि चल म्हणायचा सरकारी पगार घेणारी बायको उभ्या महाराष्ट्रात तेवढी एकच असावी. तो नवरा मी होतो.

आमचं विमानतळ महानगराच्या पार टोकाला, खाडीपलीकडे. परदेशाची विमानं मोठ्या विमानतळावर जायची. आमच्याकडे यायची ती नागपूर, हैदराबाद, गोवा, इंदूर अशी घरचीच मंडळी. म्हणून सगळे त्याला धाकटं विमानतळ म्हणायचे. उतरलेल्या विमानाच्या पुढे जीप ठेवून त्याला त्याच्या जागेवर आणून सोडायचं, हे माझं काम. पिवळी जीप, पाठीवर ठळक अक्षरांत ‘फॉलो मी’. आणि वृंदा वर, टॉवरच्या काचेमागे. जमिनीवर जे जे चाकांवर हलतं ते सगळं तिच्या हुकमतीत. विमानं, तेलाचे टँकर, शिड्या, प्रवाशांच्या बसेस आणि मी. या सगळ्यांना मिळून रेडिओचा एकच चॅनेल होता. एकाने तोंड उघडलं की सगळ्यांच्या कानात.

लग्न झालं तेव्हा ती शाळेत विज्ञान शिकवत होती. कंट्रोलरच्या परीक्षेची जाहिरात पेपरात मीच दाखवली. ती पास झाली तेव्हा अख्ख्या कॉलनीत पेढे मीच वाटले. पुढे तिला बढत्या मिळत गेल्या, मी होतो तिथेच राहिलो आणि पेढ्यांचं प्रमाण कमी होत गेलं. पण तो सल जुना होता. अंगवळणी पडलेला. मला खरी आग लागली ती कॅप्टन खेर्डेकरांमुळे.

खेर्डेकर सकाळचं नागपूरचं विमान न्यायचे. इंजिनं सुरू करायची परवानगी मागण्यासाठी ते ग्राउंडला, म्हणजे वृंदाला, हाक मारायचे, तशी सगळेच वैमानिक मारतात. पण बाकीचे आपलं विमान, आपली वेळ सांगून मोकळे होत. हा बाबा आधी म्हणायचा, “नमस्कार मॅडम! कशा आहात आज?”

आणि वृंदा म्हणायची, “नमस्कार कॅप्टन. मजेत. तुम्ही कसे आहात?”

“आम्ही मस्त. तुमचा आवाज ऐकला की दिवस चांगला जाते आमचा.”

मग ती हसायची. फार नाही, एवढंसंच. रेडिओच्या खरखरीतून ते हसू माझ्या जीपमध्ये यायचं आणि मी जळायचो.

कारण घरी ती हसत नव्हती. घरी ती बोलतच नव्हती. दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा, हे मला कळत होतं. दारातून आली की हात पाय धुवायची, खिडकीपाशी डोळे मिटून बसायची. “वरण गरम करू?” “कर.” “झोपू?” “झोप.” घरात आम्ही दोघंच, तिसरं कुणी नाही. कॉलनीत कुणी म्हटलं, तुमच्याकडे भांडणाचा आवाज कसा येत नाही हो, की मला वाटायचं, आला असता तर बरं झालं असतं.

मी खेर्डेकरांना जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं विमान दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मी लांबून टोपी तेवढी पाहायचो. बाकीचा माणूस मी मनातून घडवला होता. उंच, खांदे रुंद, कपाळावर केसांची झुलपं. आवाज तर देखणा होताच. तसा आवाज असलेला माणूस किडमिडीत असूच शकत नाही अशी माझी खात्री होती.

एका सोमवारी नमस्कार चमत्कार झाल्यावर खेर्डेकर म्हणाले, “मॅडम, ते नागपूरचं मी बोललो बरं का तिथं. होऊन जाईल म्हणून राहिले ते लोक.”

वृंदा घाईने आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, “नंतर बोलू, कॅप्टन.”

नंतर!

मी जीप गवताच्या कडेला उभी केली. नंतर म्हणजे कधी? कुठे? नागपूरचं काय होऊन जाणार होतं? आमच्या घरात नागपूर हा शब्द संत्र्यांच्या मोसमाखेरीज कधी निघाला नव्हता. माझ्या बायकोचं नागपुरात काहीतरी होऊन जाणार होतं, ते त्या माणसाला ठाऊक होतं, नागपूरच्या लोकांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

घरी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कान लावून बसता वाटतं? आणि मी लावतच होतो. तो आठवडाभर मी तिच्याकडे चोरून बघत राहिलो. ती कपडे वाळत घालताना गुणगुणली तरी मला संशय. नवी साडी नेसली तरी संशय. एकदा तिने स्वतःहून विचारलं, “तुम्हाला उकाडा सोसतो का हो?” आमच्याकडे काय कमी उकाडा होता? मी म्हटलं, “सोसायला काय झालं?” ती बरं म्हणाली आणि उठून गेली. तेही मला खुपलं.

शनिवारी सकाळी बाळाराम म्हात्रे माझ्या शेजारी जीपमध्ये बसला होता. बाळाराम धावपट्टीवरची पाखरं हाकायचा. विमानतळाच्या भिंतीलगत मटणाची दुकानं, त्यामुळे घारी फार. फटाके फोडून त्यांना उडवायचं काम त्याचं. विमानतळासाठी ज्या गावाची जमीन गेली त्याच गावचा तो, आणि माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीतला एकमेव मित्र. रेडिओचा माइक डॅशबोर्डवरच्या ज्या खिळ्याला टांगलेला असायचा तो खिळा ढिला झाला होता. दर खड्ड्याला माइक खाली पडायचा. मी पुन्हा पुन्हा उचलून लावायचो. त्या दिवशी पडला तो दोन सीटांच्या मधे गेला, आणि मला उचलायचं भानच राहिलं नाही. कारण बाळारामने नेमका तोच विषय काढला.

“आरं मुकुंदा, थोबार का पारलंस? बायनं जेवू घातलं नाय का?”

“जेवायला घालते रे. बोलत नाही.”

“मग चांगलंच हाय की. माझी गप बसली तर मी देवाला नारल फोरीन.”

मी बोलायला लागलो. इतके दिवस दाबून ठेवलेलं ते असं बाहेर पडलं, जसं काही मीच मला ऐकवत होतो. “तुला कळत नाही, बाळाराम. माझ्याशी ती वरण गरम करू का, एवढंच बोलते. आणि त्या खेर्डेकरशी हसते. अरे, सगळ्या विमानतळासमोर हसते! आता दोघांचं काहीतरी नागपूरला ठरतंय. नंतर बोलू म्हणे. मला वाटतं, गेली ती. गेली समज.”

“काय तरीच. वृंदाबाय तशी नाय.”

“तशी नाही ते मलाही माहीत आहे. म्हणून तर जास्त जळतं. तो खेर्डेकर शिडी उतरताना दिसला ना, की वाटतं ही जीप सरळ त्याच्या अंगावर घालावी. नागपूरची सगळी संत्री बाहेर येतील.”

बाळाराम खो खो हसला. मलाही चेव चढला. “त्याला वाटत असेल काय आवाज आहे, काय आवाज! एकदा झोपेत ऐक म्हणावं. घोरते ती. अशी घोरते की खिडकीची तावदानं थरथरतात.”

“बाय घोरते?” बाळारामला भलताच आनंद झाला.

“मग! बारा वर्षं ऐकतोय. पण खरं सांगू का, तेसुद्धा ऐकत पडतो. म्हणजे तेवढा तरी आवाज येतो घरात. मी सकाळच्या ड्यूट्या का मागून घेतो माहीत आहे? लोक म्हणतात रेडकरला पहाटे उठायची हौस आहे. कसली हौस? तिची सकाळची पाळी असते म्हणून. इथे बसलं की निदान कानावर पडते. थांब म्हणाली तरी चालतं. बायकोचा आवाज ऐकायला मला सरकारी रेडिओ लागतो, बाळाराम. आणि तो टोपीवाला येऊन फुकटात हसू घेऊन जातो.”

बाळारामचं हसणं थांबलं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तिला सांगितलंस का ह्ये?”

“तिला काय सांगायचं?”

तेवढ्यात तो काचेतून वर बघत म्हणाला, “आरं, टॉवरवरशी दिवा मारतान.”

मी मान वर केली. टॉवरच्या काचेतून एक पांढरा दिवा लुकलुकत होता, थेट आमच्यावर रोखलेला. रेडिओ बंद पडला तर गाड्यांशी बोलायला टॉवरमध्ये तो दिवा ठेवलेला असतो. लुकलुकता पांढरा म्हणजे जिथून निघालास तिथे परत जा. मला काही उलगडेना. आमचा रेडिओ तर धडधाकट होता. शांत होता एवढंच. बराच वेळ शांत होता. सकाळच्या त्या घाईच्या वेळेला इतका शांत का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरला. माइकचं बटण दाबलेलं असलं की आपल्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. दुसऱ्यांना मात्र आपलं सगळं ऐकू येतं.

“बाळाराम, माइक कुठाय?”

तो इकडे तिकडे चाचपायला लागला. मग त्याचा चेहरा पडला. त्याने एक मांडी उचलली आणि खालून माइक काढला. “आरं देवा. मी ह्याच्यावर बसलू.”

बटण सुटलं आणि रेडिओ खरखरत जिवंत झाला. पहिला आवाज वृंदाचा. सपाट, इस्त्री केल्यासारखा. “सगळ्यांनी नोंद घ्यावी, चॅनेल मोकळा झाला आहे. जीप वन, ऑफिसपाशी परत जा.”

मागोमाग कुठल्याशा विमानातून एक तरुण आवाज आला, “मॅडम, बात तो पूरी होने देतीं!”

“चॅनेलवर शिस्त पाळा,” वृंदा म्हणाली.

मला त्या क्षणी धावपट्टीने दुभंगून पोटात घेतलं असतं तर मी हसत गेलो असतो. तीन विमानं इंजिनं सुरू ठेवून जागच्या जागी खोळंबली होती. गोव्याचं उतरलेलं विमान मधल्या रस्त्यात अडकलं होतं. दोन टँकर, चार बसेस, अग्निशमनवाले, टॉवरमधले सगळे आणि त्यांचे साहेब. सगळ्यांनी ऐकलं होतं की माझी बायको घोरते. आणि उरलेलंही ऐकलं होतं. वृंदाने तेवढ्या वेळात त्याच दिव्याचा लाल रंग दाखवून एकेका विमानाला जागच्या जागी थांबवलं होतं, म्हणून धोका झाला नाही. कानात नवरा बोलत असताना तिने ते केलं.

साहेबांनी फार वेळ घेतला नाही. मी उभाच होतो. ते म्हणाले, “विमानांच्या बाजूला जायची तुमची परवानगी रद्द. चौकशी होईल. नोकरी राहील बहुधा, पण जीपवर तुम्ही पुन्हा बसणार नाही.” मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “मिसेस रेडकर कसलेल्या कंट्रोलर आहेत. आज त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर काय झालं असतं सांगता येत नाही.” पुन्हा तीच वरचढ, मी खाली. माझ्याच गाढवपणाने तिचं कौतुक आणखी वाढलं होतं.

चौकशीचा जबाब द्यायला मला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. दुपारी नागपूरचं विमान परत आलं. थोड्या वेळाने व्हरांड्यातून एक बुटके, गोल गृहस्थ हातात जेवणाचा डबा घेऊन आले. पांढरा शर्ट पोटावर ताणलेला, टोपी काखेत, डोक्यावर केस नावाला. माझ्यासमोर येऊन थांबले.

“जीप वन तुम्हीच का?”

तो आवाज! मी ताडकन उठलो. इतके महिने मी ज्याच्यावर जळत होतो तो माणूस माझ्या खांद्यालाही लागत नव्हता.

“बसा, बसा. मलाही साहेबानं बोलावलंय जबाबाला.” ते शेजारी टेकले. “मी लई विचार केला विमानात. जीप नेमकी कुठून घालणार होते माझ्यावर? समोरून की मागून?”

“माफ करा साहेब. तोंडाला येईल ते बोलत गेलो.”

“माफ काय करायचं? माझ्यावर कोणी जळते, हे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ऐकलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं नं, तर विश्वास नाही ठेवणार ती.” ते हसले, मग हसणं आवरून माझ्याकडे वळले. “रेडकर, तुमच्या मिसेसनं तुम्हाला नागपूरचं काहीच नाही सांगितलं?”

“नाही.”

“अरे बाप्पा.” त्यांनी डबा बाजूला ठेवला. “तिला बढतीवर नागपूर मिळालं. महिना झाला. ती मला म्हणाली, कॅप्टन, तुम्ही तिथले. तिथं ऑपरेशन्समध्ये माणूस घेतात का बघा. नवऱ्याचं जमलं तर जाईन, नाही तर सोडून देईन बढती.”

“कुणाच्या नवऱ्याचं?” मी बावळटासारखं विचारलं.

“आता माझ्या बायकोच्या नवऱ्याचं तर घर आहेच नं नागपूरला! तुमचं. मी जाऊन भेटलो तिथल्या लोकांना. चांगले आहेत. काल संध्याकाळी हो म्हणाले. आज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मी तेच सांगणार होतो मॅडमला, की काम झालं.” ते थांबले. “सांगायला मिळालंच नाही. चॅनेलवर तुम्ही होते.”

आतून साहेबांनी त्यांना हाक मारली. उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि गेले. इतका चांगला माणूस निघाल्याबद्दल मला त्यांचा राग आला, हे मी लपवत नाही. देखणा आणि दुष्ट असता तर मला परवडलं असतं.

घरी मी तिच्या आधी पोचलो. वरणभाताचा कुकर लावला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ऊन कलल्यावर ती आली. चपला काढल्या, हात पाय धुतले, पण खिडकीपाशी गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“मी घोरते?”

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. “घोरतेस.”

“तावदानं थरथरतात?”

“ते जरा वाढवून सांगितलं.”

“बारा वर्षांत मला कधी बोलला नाहीत.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आणि आज छान वाटलं!” तिचा आवाज चढला. “संपूर्ण विमानतळ, मुकुंदराव! आता उद्यापासून मी एखाद्याला थांब म्हटलं की तो मनात काय म्हणेल? गोव्याच्या विमानातला तो टोमणा मारणारा पोरगा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. माझ्या मागे उभं राहून साहेब ऐकत होते. मी हातात दिवा धरून तुमच्याकडे रोखला होता आणि तुमचं माझ्या झोपेवर चाललं होतं.”

ती मला नावाने कधीच हाक मारायची नाही. मी ओट्याचा फडका हातात घेऊन उभा राहिलो. ती बोलत राहिली, आणि लाज वाटते सांगायला, पण त्याही वेळी माझ्या मनात आलं की ही बोलतेय.

“नागपूरचं मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“जमलं नसतं तर? मला काही मिळालं की तुम्ही तोंड पाडून बसता. या खेपेला म्हटलं, आधी यांचं ठरू दे, मग एकदम दोघांचं सांगू.” ती थांबली. “साहेबांनी नागपूरला कळवलं. चौकशी चालू असलेला माणूस ते घेणार नाहीत. तुमची जागा गेली.”

“आणि तुझी?”

“माझी आहे.”

कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायला दोघंही पुढे झालो. तिने बंद केला. एवढं सगळं झाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण मत्सर ही अशी चीज आहे की तिला वेळेचं भान नसतं. मी म्हणालो, “पण त्यांच्याशी हसायचीस, ते?”

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. “हसायचे. आवडायचं मला. खोटं कशाला सांगू? सकाळी उठून, धावत बस पकडून मी त्या काचेत जाऊन बसते. जो तो मला आपला नंबर सांगतो. एक माणूस विचारायचा, कशा आहात. त्याला माझं काही नको होतं, मला त्याचं काही नको होतं. पण विचारायचा.”

मी फडक्याची घडी घातली.

“सुरुवातीला मी कुणाची वाट बघायचे माहीत आहे?” ती म्हणाली. “तुमची. जीप वन, प्रोसीड म्हटलं की मी कान देऊन बसायचे. म्हणायचे, आता हे काहीतरी बोलतील. नमस्कार म्हणतील. डबा घेतलास का विचारतील. काहीही. माझ्या कानात थेट तुमचा आवाज यायचा हो, रोज सकाळी. आणि तुम्ही म्हणायचात, रॉजर. कित्येक महिने वाट पाहिली. मग सोडून दिलं.”

“अगं, ते नियमात बसत नाही,” मी म्हणालो.

“खेर्डेकरांनाही बसत नव्हतं.”

बाहेर कुणाच्या तरी घरी बातम्या लागल्या होत्या. मी फडका ओट्यावर ठेवला. ज्या माइकसाठी मी त्या माणसावर जळत होतो तसलाच माइक माझ्याही समोर खिळ्याला टांगलेला होता, सगळी वर्षं. आता तो नव्हता, जीपही नव्हती. ताटं घेण्यासाठी ती मांडणीकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “मी जाणार आहे. सोडणार होते, पण आता नाही सोडणार. आज त्या खुर्चीत बसून जे ऐकलं त्यानंतर इथल्या खुर्चीत बसणं मला जमणार नाही.”

“मी आलो तर?”

“तिथे तुम्हाला काम नाही.”

“कामाचं नाही विचारत. मी आलो तर चालेल का?”

तिने दोन ताटं काढली. मग वळली. “खेर्डेकर तिथलेच आहेत. रोज बोलतील माझ्याशी. नमस्कार म्हणतील, कशा आहात विचारतील, मी हसेन. चालेल तुम्हाला?”

“नाही चालणार,” मी म्हणालो. “आत्ताच सांगून ठेवतो, मुळीच चालणार नाही. पण येतो.”

“नोकरी सोडून?”

“सोडून.”

“लोक काय म्हणतील? बायकोच्या मागे गेला म्हणतील.”

“वृंदा,” मी म्हणालो, “आज सकाळनंतर लोकांना म्हणायला काही शिल्लक राहिलंय का?”

तिने ओठ घट्ट मिटले. मला वाटलं रडते आता. पण ताटं खणखणली आणि ती हसली. रेडिओवरचं एवढंसं नव्हे. ओट्याचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेजारच्या बाई खिडकीत येऊन काय झालं हो म्हणून विचारीपर्यंत हसली. त्या माणसाला असं हसू एकदाही मिळालेलं नव्हतं, हे मी तिथल्या तिथे पडताळून पाहिलं.